‘सायलेन्सरचा आवाज पुन्हा सुरू झाला’ या अभिप्रायास गॅरेजचे उत्तर

नमस्कार भाऊ,

आपला अभिप्राय काळजीपूर्वक वाचला. पिकअप मोठ्याने वाजते म्हणून आपण ती आमच्याकडे आणली, आम्ही ती दिवसभर उभी ठेवली, सायलेन्सर न बदलता पुढच्या जोडाची पॅकिंग (फट बंद करणारी पट्टी) बदलून मजुरीचेच बिल लावले आणि थोड्याच दिवसांत गाडी पुन्हा वाजू लागली, अशी आपली तक्रार आहे. मागचे डबे काढून सरळ पाइप टाकायला आम्ही नकार दिला, याबद्दलही आपण नाराज आहात. आपल्या भागात अशा गाड्या पुष्कळ आहेत आणि त्यांच्या मालकांनाही हाच प्रश्न पडतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आवाज मागून ऐकू येतो, त्यामुळे दोष मागच्या डब्यात असावा असे वाटणे साहजिक आहे. परंतु सकाळी पहिल्यांदा गाडी सुरू केली की टकटक येते, ॲक्सिलेटर दाबला की ती त्याच वेगाने वाढते आणि काही अंतर चालल्यावर कमी होते, असे आपणच सांगितले होते. डबा सडलेला असेल तर इंजिन तापल्याने आवाज कमी होत नाही. तापल्यावर लोखंड फुगते आणि बारीक फट मिटते, म्हणून असा आवाज बहुतेक वेळा इंजिनला लागून असलेल्या मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनचा धूर गोळा करून पाइपात सोडणाऱ्या भागाच्या, जोडातूनच येतो. ही फट इंजिन थंड असतानाच नीट सापडते आणि आपण गाडी आणली तेव्हा ती तापलेली होती. ती पूर्ण निवू देण्यातच दुपार गेली. तो वेळ टाळून केलेली तपासणी अंदाजावर झाली असती. त्यानंतर गाडी सुरू करून मागच्या नळीवर ओले पोते क्षणभर दाबून धरले, तेव्हा मॅनिफोल्डच्या शेवटच्या टोकाला स्पष्ट फुसफुस ऐकू आली. तेथे काजळी पंख्यासारखी पसरलेली होती आणि एका स्टडचे (मॅनिफोल्ड आवळून धरणाऱ्या बोल्टचे) डोके तुटून गेलेले होते.

गाडी चढावर पूर्वीसारखी ओढत नाही, ही आपली दुसरी तक्रारही याच फटीशी जोडलेली होती. इंजिनात जास्त हवा भरणारा टर्बो फिरतो तो मॅनिफोल्डमधून येणाऱ्या वायूच्या जोरावर, आणि हा वायू टर्बोच्या आधीच गळू लागला तर हवा कमी भरली जाते, गाडी काळा धूर सोडते आणि डिझेल जास्त पिते. मागचा सायलेन्सर नवा टाकला असता तरी यातले काहीच सुटले नसते. मजुरीविषयी सांगायचे तर, हेडमध्ये (इंजिनच्या वरच्या भागात) तुटून अडकलेला स्टड काढणे हे या कामातले सर्वांत जोखमीचे काम असते. घाईत ड्रिल तिरके गेले तर हेडचे आटे जातात आणि खर्च कितीतरी पटींनी वाढतो. आम्ही त्यावर नट वेल्ड करून, गरम-थंड करत, हळूहळू तो फिरवून काढला. मॅनिफोल्ड किंचित वाकलेला होता, तो लेथवर सपाट करून मगच नवी पॅकिंग बसवली. जुनी पॅकिंग आणि तुटलेला स्टड आपल्या हाती दिलेला आहे.

आता दुसऱ्या आवाजाबद्दल. आपण लिहिले आहे की हल्ली केबिनच्या खालून फरफर येते आणि गाडी तापली तरी ती थांबत नाही. हे लक्षण मॅनिफोल्डचे नसून जाळीच्या फ्लेक्सिबल पाइपचे आहे. इंजिनचे एका बाजूचे फाउंडेशन रबर (इंजिन ज्यावर टेकते ते रबर) दबून गेलेले आहे, त्यामुळे गाडी सुरू-बंद करताना इंजिन जास्त हलते, तो सगळा झटका या पाइपवर येतो आणि तो लवकरच फाटेल, असे आम्ही बिलावर लिहून दिले होते. कापसाचा हंगाम उरकला की बघू, असे आपण म्हणालात. हंगामात गाडी उभी ठेवणे परवडत नाही हे आम्ही जाणतो, पण तो आवाज आमच्या कामातून परत आलेला नाही. आता कोणी त्या जाळीवर वेल्डिंग मारून देतो म्हटले तर कृपया मारू देऊ नका. जो भाग वाकण्यासाठीच असतो तो वेल्डिंगने ताठ होतो आणि शेजारीच पुन्हा चिरतो. पाइपवर अन्यत्र कुठे वेल्डिंग करायचीच झाली, तर आधी बॅटरीची वायर काढायला सांगा. या गाड्यांचा ईसीएम, म्हणजे इंजिन सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक बॉक्स, वेल्डिंगच्या करंटने जाऊ शकतो.

सरळ पाइपचा नकार मात्र आम्ही कायम ठेवतो. आपली गाडी बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाच्या सरकारी मानकाची) आहे आणि तिच्या डब्यांत धूर साफ करणारी यंत्रणा आहे. ती काढून चालवल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० प्रमाणे पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, शिवाय लायसन्सही तीन महिन्यांसाठी जाते. आम्हाला त्याहून जास्त काळजी मालाची वाटते. भरलेली गाडी चढावर असताना मॅनिफोल्डजवळचा वायू ४०० अंश सेल्सिअसच्या पुढे जातो. आपण कापूस नेता, सोयाबीनचे कुटार (मळणीनंतरचा भुसा) नेता. पांदण रस्त्याने जाताना खाली कुटार अन् पऱ्हाटीच्या काड्या पाइपला अडकतात. अशा गाडीच्या पोटाखाली वायू उघडा सोडणे आम्हाला पटत नाही, मग त्यासाठी गिऱ्हाईक दुसरीकडे गेले तरी चालेल.

आपण एखाद्या संध्याकाळी गाडी आमच्याकडे लावून जावी आणि सकाळी स्वतः उपस्थित राहावे. थंड इंजिन आपल्यासमोर सुरू करू. आम्ही बसवलेल्या जोडातून गळती आढळली तर तो पुन्हा बांधून देण्याचे एक पैसाही घेणार नाही. फ्लेक्सिबल पाइप आणि फाउंडेशन रबर यांची किंमत आधी लिहून देऊ, आणि ही दोन्ही कामे एकत्रच करावीत, कारण रबर तसेच ठेवले तर नवा पाइपही टिकणार नाही. तोपर्यंत गळणारा धूर आत साचू नये म्हणून केबिनच्या काचा उघड्या ठेवा, गाडी सुरू ठेवून आत झोपू नका आणि कुटाराची खेप शक्यतो दुसऱ्या गाडीने पाठवा.