नोटरीवर भागवू नका

कराडसारख्या कॉलेजच्या गावात भारी फ्लॅट भाड्याने घेताना करार नुसता नोटरी केला तरी पुरे, असं एका लेखात म्हटलंय. तसं नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 55 नुसार करार नोंदवलेलाच हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. 25 हजार भाडं, लाखाची अनामत, 11 महिने धरले तर मुद्रांक शुल्क 0.25 टक्क्याने जेमतेम 710 रुपये (अनामतीवर वर्षाला 10 टक्के व्याज धरून). नोंदणी फी वेगळी. एवढ्यासाठी लाखभर रुपये कशाला टांगणीला लावायचे?

फ्लॅट बघताना फॉल्स सीलिंग नंतर, आधी शॉवरची भोकं बघा. पांढरा थर असेल तर पाणी जड आहे. गीझरच्या कॉइलवर क्षार बसून ती जळते. बदलायचा खर्च कुणाचा, हे करारातच लिहून घ्या. जनरेटर फक्त लिफ्टला की घरातही, तेही.