पुंगळीला घाई नको

वाचकहो, उद्या तुमच्यावर खुनाच्या तपासाची जबाबदारी आलीच, तर एक पथ्य पाळा. घटनास्थळी सापडलेली झाडलेल्या गोळीची रिकामी पुंगळी लगेच प्रयोगशाळेत पाठवू नका. पाठवलीत की तिथला तज्ज्ञ तिच्या बुडावर आदळलेल्या पिस्तुलाच्या फायरिंग पिनची खूण पाहणार, फोटो काढणार, नोंद करून ठेवणार. मग पुढे जे पिस्तूल सापडेल, त्याला त्या नोंदीशी जुळावं लागेल. नसती कटकट! त्यापेक्षा पुंगळी मुद्देमालाच्या खोलीत ठेवा, पिस्तूल मिळेपर्यंत थांबा आणि मग दोघांना एकाच जीपमधून गोव्यातल्या वेर्ण्याच्या प्रयोगशाळेत न्या. एकत्र प्रवास केला की ओळखी होतातच.

बचावाचा वकील विचारील, "मधल्या काळात याच पिस्तुलातून गोळी झाडून तिची पुंगळी पाकिटात सरकवली नाही कशावरून?" अशा वेळी लाखेच्या सीलकडे बोट दाखवावं. सीलचा शिक्का इतके महिने कुणाच्या खणात होता, असं त्याने पुढे विचारलं, तर मात्र खोकला यायला हरकत नाही.

मध्ये एखादा पावसाळा गेला तर उत्तमच. आपल्याकडे जूनमध्ये कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तिथे लोखंडाची काय कथा! पिस्तुलाच्या नळीत आतून जे पीळ असतात, त्यांचे ओरखडे गोळीवर उमटतात. संशयित पिस्तुलातून चाचणीची गोळी झाडायची आणि ती मृतदेहातून काढलेल्या गोळीशेजारी मायक्रोस्कोपखाली ठेवायची, एवढाच हा खेळ. गावठी पिस्तुलात हे पीळ मुळात यथातथाच, कधी नसतातही. त्यात नळी गंजली की तज्ज्ञ प्रामाणिकपणे लिहितो, "निश्चित मत देता येत नाही." या वाक्याने कुणी अडकत नाही, कुणी सुटत नाही आणि कुणाची बदलीही होत नाही.

अहवाल लवकर आलाच तर काय करायचं, याचा धडा पुण्याने घालून दिला आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून २० ऑगस्ट २०१३ रोजी झाला. जानेवारी २०१४ मध्ये दोघा शस्त्रविक्रेत्यांना अटक झाली. त्यांच्याकडच्या पिस्तुलाशी गोळ्या जुळतात, असा बॅलिस्टिक अहवाल होता. पुढे ९० दिवसांत आरोपपत्रच आलं नाही आणि दोघे जामिनावर बाहेर. मग तपास सीबीआयकडे. मग मुंबई आणि बंगळुरूच्या प्रयोगशाळांची मतं जुळेनात, तेव्हा गोळ्या स्कॉटलंड यार्डला पाठवायचं ठरलं. तिकडे पाठवायला लागणारा करारच आपल्याकडे नाही, हे नंतर उमगलं आणि प्रकरण गुजरातच्या प्रयोगशाळेकडे वळलं. निकाल लागला १० मे २०२४ रोजी. दोघांना जन्मठेप, तिघे निर्दोष. शिक्षा झालेले दोघे त्या शस्त्रविक्रेत्यांहून वेगळे, हे सांगायला हवंच. पण २०१४ मध्ये 'जुळलेल्या' गोळ्यांचं काय, असं विचारून कुणाचा चहा कडू करू नका.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने तुम्ही धास्तावला असाल. सात वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षेचा गुन्हा असेल, तर फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जायलाच हवं, असं तिचं १७६वं कलम म्हणतं. पण नीट वाचा. हे कधीपासून लागू करायचं, ते ठरवायला राज्यांना पाच वर्षांची सवड त्याच कलमात दिली आहे. कायदा करणाऱ्यांनाही आपला स्वभाव ठाऊक आहे.

तरीही कुणी म्हणालं, की हत्यार वेळेवर सरकारदरबारी पोचणं आपल्याकडे शक्यच नाही, तर त्याला गोव्याच्या सत्तरी तालुक्यात न्या. निवडणूक जाहीर होऊ द्या, की माकडं आणि डुकरं हाकलायला परवान्यावर घेतलेली बागायतदाराची बंदूक ठाण्यावर जमा करायचा आदेश निघतो. ना पंचनामा, ना स्मरणपत्र, ना स्कॉटलंड यार्ड. तेव्हा खून व्हायचाच असेल, तर तो आचारसंहितेच्या काळात व्हावा एवढं बघा. त्या दिवसांत डुकरं कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, मोकाट फिरतात, तो भाग वेगळा.