समेट अधिकारी पगाराचा आकडा ठरवत नाही

जळगाव एमआयडीसीतल्या चटई आणि पाइप कारखान्यांच्या कामगार ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘पगारवाढीची बोलणी सरकारी साहेबाकडे गेली की युनियन संपली. साहेब सांगेल तो आकडा घ्यावा लागतो, संपाचा हक्क जातो आणि करार फक्त सभासदांना लागतो.’ ज्यांचा करार संपत आलाय त्यांना हे वाचून धडकी भरते, म्हणून हे उत्तर.

आधी आकडा. मेसेजमधला ‘सरकारी साहेब’ म्हणजे मालक आणि युनियनमधला वाद मिटवायला बसणारा सरकारचा समेट अधिकारी. तो न्यायाधीश नव्हे. तो दोन्ही बाजूंना बोलावतो, कधी वेगवेगळं बसवून कोण कुठवर यायला तयार आहे ते चाचपतो. हजर राहायला तो भाग पाडू शकतो, सही करायला नाही. जमलं नाही तर तसा अहवाल देतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत त्याला ४५ दिवस आहेत, संपाची नोटीस असेल तर १४. पूर्वी वाद पुढे पाठवायचा की नाही हे सरकार ठरवायचं. आता अहवाल मिळाल्यापासून ९० दिवसांत युनियन स्वतः न्यायाधिकरणात, म्हणजे अशा वादांचा निवाडा करणाऱ्या न्यायपीठाकडे, जाऊ शकते.

संपाबद्दल मेसेज अर्धंच सांगतो. समेटाची पहिली बैठक झाली की कामकाज संपेपर्यंत आणि पुढचे ७ दिवस संप बेकायदा, हे खरं. पण त्याच काळात टाळेबंदीही, म्हणजे मालकाने कामगारांसाठी कारखाना बंद ठेवणंही, बेकायदा. वादाशी निगडित सेवाशर्ती, म्हणजे नोकरीच्या अटी, मालकाला कामगाराचं नुकसान होईल अशा बदलता येत नाहीत. वादाशी संबंधित गैरवर्तनाचा ठपका ठेवून कुणाला काढायचं तर अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. कामगाराची बेडी दाखवायची आणि मालकाची लपवायची, हा चावटपणा आहे.

काळजी घ्यायची ती रोजनाम्याची. समेटाच्या प्रत्येक तारखेला काय झालं ते त्यात उतरतं आणि खाली दोघांच्या सह्या होतात. मुदत मालकाने मागितली असताना ‘युनियनने मुदत मागितली’ असं पडलं, तर उशीर आपल्या नावावर. वाचल्याशिवाय सही नको, आणि नक्कल घेतल्याशिवाय उठू नका.

सभासदांचा मुद्दा तर साफ उलटा आहे. समेट अधिकाऱ्याशिवाय, बाहेर बसून केलेला करार सही करणाऱ्या पक्षांपुरता असतो. समेटात झालेला करार त्या कारखान्याच्या प्रत्येक कामगाराला लागतो, युनियनमध्ये नसलेल्याला आणि उद्या भरती होणाऱ्यालाही. पटला नाही त्यालाही, म्हणून सहीआधी सर्वांची सभा घ्या. आणि मालक ‘बाहेरच मिटवू’ म्हणाला तर हरकत नाही, बोलणी बाहेर करा. सह्या मात्र समेट अधिकाऱ्यासमोरच करा.