गच्चीवरचा व्हेंट पाइप बुजवू नका: ड्रेनेजच्या धूर-चाचणीविषयीच्या संदेशाला उत्तर

ड्रेनेज लाइनमध्ये धूर सोडून गळती शोधण्याच्या चाचणीविषयी एक संदेश सध्या व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. त्याचे म्हणणे असे की, हा धूर विषारी असतो, तो पंख्याच्या जोरावर घराघरांत घुसवला जातो, ज्याच्याकडे तो दिसेल त्याचे कनेक्शन बेकायदा ठरते, मराठवाड्यात पाऊसच कमी असल्याने या खटाटोपाची गरज नाही आणि पूर्वीप्रमाणे चेंबरमध्ये माणूस उतरवून पाहणेच बरे. म्हणून चाचणीच्या दिवशी न्हाणीची जाळी आणि गच्चीवरचा व्हेंट पाइप, म्हणजे ड्रेनेजमधली हवा ये-जा करण्यासाठी वर उघडा ठेवलेला पाइप, घट्ट बुजवावा. नांदेडला राहणाऱ्या माझ्या मावशीने हा सल्ला तंतोतंत पाळला आणि व्हेंट पाइपमध्ये पोत्याचा बोळा कोंबला. त्यामुळे आता गप्प बसणे शक्य नाही.

आधी त्या बोळ्याविषयी, कारण संदेशात याइतके घातक दुसरे काही नाही. न्हाणीच्या जाळीखाली, बेसिनखाली आणि संडासाच्या भांड्यात जो ट्रॅप, म्हणजे नळीचा वाकवलेला भाग, असतो, त्यात साधारण 50 मिलिमीटर उंचीचे पाणी कायम साचून राहते आणि तेच गटारातील वायूला घरात येण्यापासून अडवते. भारतीय मानक ब्युरोच्या राष्ट्रीय इमारत संहितेत इमारतीच्या सांडपाण्याच्या नळ्यांसाठी धुराची चाचणी स्पष्ट सांगितलेली आहे: सर्व ट्रॅप पाण्याने भरून घ्यायचे आणि 25 मिलिमीटर पाण्याच्या दाबाने 15 मिनिटे धूर धरून ठेवायचा. म्हणजे भरलेला ट्रॅप हा दाब सहज पेलतो, हे त्या चाचणीतच गृहीत आहे. रस्त्यावरच्या चेंबरमधून सोडलेला धूर तर गच्चीवरच्या उघड्या पाइपातून बाहेर पडतो, त्यामुळे घरात दाब साचतच नाही. तो पाइप बुजवला की धुराला वर वाट उरत नाही आणि तो खालच्या ट्रॅपवर रेटा देऊ लागतो. जे टाळण्यासाठी बोळा कोंबला, तेच त्याने ओढवते.

शिवाय चाचणी संपली तरी बोळा तसाच राहतो. वरच्या मजल्यावर फ्लश केले की खाली धावणारे पाणी मागे हवा ओढते. व्हेंट बंद असेल तर ती हवा खालच्या ट्रॅपमधून ओढली जाते, न्हाणीत गुडगुड आवाज येतो आणि ट्रॅपमधले पाणी निघून जाते. मग धूर नव्हे, गटारातला हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू घरात येतो, तोही रोज.

विषाच्या मुद्द्यात अर्धे सत्य आहे, ते मान्य करावे लागेल. जुन्या पद्धतीच्या काही धूरकांड्यांतून झिंक क्लोराइडचा धूर निघतो आणि बंदिस्त जागेत तो श्वासात जाणे हानिकारक आहे. त्यामुळे कोणता धूर वापरणार हे ठेकेदाराला विचारण्याचा आणि लेखी सूचना आधी मिळण्याचा रहिवाशांना पूर्ण हक्क आहे. दम्याच्या रुग्णांनी त्या वेळी घराबाहेर थांबावे हेही योग्यच. परंतु डास मारण्याच्या धुरात कीटकनाशक मिसळलेले असते, या धुरात ते नसते.

घरात धूर दिसणे म्हणजे ट्रॅप सुकला आहे किंवा सांधा फुटला आहे. कनेक्शन कायदेशीर आहे की नाही, हे धूर सांगू शकत नाही. मात्र छतावरील पावसाच्या पाण्याचा पाइप ड्रेनेजला जोडलेला असेल, तर त्याच्या तोंडातून धूर निघतो आणि ती जोडणी चुकीचीच आहे. पहिल्या मोठ्या पावसात तळमजल्यावरच्या संडासातून घाण उलटी वर येते, ती अशाच जोडण्यांमुळे.

पाऊस कमी, म्हणून गरज नाही, हे विधान आपल्या मातीची ओळख नसलेल्या माणसाचे आहे. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून हातभर भेगा पाडते आणि या ओढाताणीत जमिनीतले चिनी मातीचे पाइप सांध्याशी उघडतात. त्यातून सांडपाणी झिरपते. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. मधल्या दिवसांत रिकाम्या पडलेल्या नळाच्या लाइनमध्ये तेच झिरपलेले पाणी तिच्या फटींतून शिरते आणि नळ सुटल्यावर पहिल्या हंड्याला वास येतो. चाचणी उन्हाळ्यात घेतात तीही यामुळेच, कारण कोरड्या भेगाळ जमिनीतून धूर वर येतो, तर ओली माती त्याची वाट बंद करते. पाइपात साचलेला गाळ किंवा पाण्याखाली गेलेली भेग धुराने कळत नाही, त्यासाठी कॅमेराच लागतो, एवढे खरे.

उरला माणूस उतरवण्याचा सल्ला. सुरक्षासाधनांविना माणसाला गटारात उतरवणे 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे आणि अशा मृत्यूसाठी 30 लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये दिला आहे. हे माहीत असताना कोणी असे लिहीत असेल, तर त्याच्याशी वाद घालण्याची माझी इच्छा नाही.

ज्यांच्या वसाहतीत चाचणीची सूचना लागली आहे, त्यांनी आदल्या रात्री प्रत्येक न्हाणीत, विशेषतः पाहुण्यांच्या न वापरलेल्या बाथरूममध्ये, एक-एक तांब्या पाणी ओतावे आणि खिडक्या उघड्या ठेवाव्यात. तरीही धूर आत आलाच, तर तो नेमका कोठून आला ते पाहून चाचणीवाल्यांना लगेच दाखवावे. गच्चीवर बोळा असेल, तर तो आजच काढावा.