मालक मासे पकडायला गेला होता

ऑगस्ट २०२५ मध्ये मेजर लीग बेसबॉलचे आयुक्त रॉब मॅनफ्रेड एका सामन्याच्या प्रक्षेपणात बोलता बोलता म्हणून गेले, की संघ ३० चे ३२ झाले तर भूगोल पाहून सगळी मांडणी नव्याने करता येईल. तेव्हापासून एक युक्तिवाद जोरात फिरतोय. मूळ इंग्रजीतला, पण अमेरिकेतल्या मराठी मंडळींच्या कृपेने माझ्यापर्यंत तो मराठीतही पोचला. गोषवारा असा: नॅशनल आणि अमेरिकन या दोन लीग सव्वाशे वर्षं वेगळ्या राहिल्या. नॅशनल लीगने खरा खेळ जपला, तिथे पिचरही बॅट घेऊन उभा राहायचा. अमेरिकन लीगने १९७३ मध्ये गल्ला भरायला डीएचचं सोंग आणलं. २०२२ मध्ये आयुक्तांनी ते सगळ्यांच्या माथी मारलं आणि खेळातलं डोकं संपलं. आता संघ इकडचे तिकडे केले की बेसबॉलची परंपरा गेलीच म्हणून समजा.

बेसबॉल फारसं न पाहणाऱ्यांसाठी दोन ओळी. नऊ जणांचा संघ, नऊ जणांचा बॅटिंगचा क्रम. पिचर म्हणजे आपला गोलंदाज, आणि हातात बॅट आली की बहुतेक वेळा आपला अकरावा. डीएच, म्हणजे डेझिग्नेटेड हिटर, हा त्याच्या जागी फक्त बॅटिंग करतो, फील्डिंगला येत नाही. लगेच कुणीतरी म्हणेल, "हा तर आपला इम्पॅक्ट प्लेयर!" तसं नाही. इम्पॅक्ट प्लेयर सामना रंगात आल्यावर एकाला बसवून आत येतो. डीएच पहिल्या चेंडूपासून यादीत असतो.

मी स्वतः कैक वर्षं पिचरच्या बॅटिंगच्या बाजूने भांडलो आहे. त्यामुळे हा संदेश वाचून आधी मान डोलावली. मग एकेक मुद्दा धरून बसलो.

"नॅशनल लीगने तत्त्व म्हणून डीएच नाकारला."

इथेच पहिली गडबड आहे. पिचरऐवजी दहाव्या माणसाने बॅटिंग करावी ही सूचना १९२८ मध्ये जाहीरपणे मांडली ती खुद्द नॅशनल लीगचे अध्यक्ष जॉन हेडलर यांनी. नॅशनल लीग अनुकूल होती. मोडता घातला तो अमेरिकन लीगने! म्हणजे तेव्हा दोघींच्या भूमिका नेमक्या उलट्या होत्या, आणि पंचेचाळीस वर्षांनी त्याच लीग एकमेकींच्या जागी उभ्या राहून तितक्याच ठामपणे बोलू लागल्या.

आणि १९८० चा किस्सा तर नॅशनल लीगच्या भक्तांनी पाठच करायला हवा. त्या वर्षी ऑगस्टमध्ये लीगच्या १२ संघांनी डीएचवर मतदान केलं. फिलाडेल्फिया फिलीज अनुकूल होते, त्यांच्याकडे ग्रेग लुझिन्स्कीसारखा दणकट फटके मारणारा पण मैदानात जड पडणारा खेळाडू होता. बैठकीत फिलीजचे उपाध्यक्ष बिल गाइल्स बसले होते. तिथे कळलं की नियम पुढच्या नव्हे तर त्याच्या पुढच्या हंगामापासून, १९८२ पासून लागू होणार. आता काय करायचं हे मालकांना विचारायला हवं. मालक रूली कार्पेंटर मासे पकडायला गेलेले, फोनवर सापडेनात. गाइल्स तटस्थ राहिले. पिट्सबर्गच्या प्रतिनिधीला सूचना होती की फिलीज जसं मत देतील तसं द्या, म्हणून तेही तटस्थ. निकाल: ४ बाजूने, ५ विरोधात, ३ तटस्थ. हे पुढे गाइल्स यांनीच सांगितलेलं आहे. त्या दोघांनी हो म्हटलं असतं तर प्रस्ताव मंजूर झालाच असता असं मी म्हणणार नाही, पण आकडा सहा विरुद्ध पाच झाला असता. तत्त्वाचा बालेकिल्ला म्हणून ज्याचा गौरव होतो, तो त्या दुपारी एका गळाला टांगलेला होता. लुझिन्स्की पुढच्याच वर्षी अमेरिकन लीगमधल्या शिकागो व्हाइट सॉक्सकडे गेला आणि तिथे डीएच झाला.

"१९७३ चा डीएच म्हणजे निव्वळ गल्ल्यासाठी."

गल्ल्यासाठी होताच, त्यात वाद नाही. अमेरिकन लीगचे प्रेक्षक कमी होते आणि ओकलंडचे मालक चार्ली फिनली यांच्यासारखा जातिवंत धंदेवाला या कल्पनेच्या मागे होता. पण "निव्वळ" म्हणायला मी तयार नाही. १९६८ मध्ये पिचर इतके भारी झाले होते की अमेरिकन लीगचा सर्वोत्तम बॅटर कार्ल यास्त्रेम्स्की .३०१ वर, म्हणजे हजार पाळ्यांत ३०१ यशस्वी फटक्यांवर (हिट) थांबला, आणि नॅशनल लीगमध्ये बॉब गिब्सनने नऊ डावांमागे सरासरी १.१२ धावा दिल्या. दुसऱ्या वर्षी पिचरच्या पायाखालचा उंचवटा १५ इंचांवरून १० इंचांवर आणला गेला. हा बदल दोन्ही लीगना लागू होता, आणि त्याला कुणी सोंग म्हणत नाही. म्हणजे बॅट आणि चेंडू यांचं पारडं सरळ करायला नियमाला हात घालणं चालतं, फक्त तो हात अमेरिकन लीगने घातला की चालत नाही.

जानेवारी १९७३ मध्ये मालकांनी ८ विरुद्ध ४ मतांनी तीन वर्षांच्या प्रयोगाला होकार दिला. ६ एप्रिलला बॉस्टनच्या फेनवे पार्कमध्ये न्यूयॉर्क यांकीजचा रॉन ब्लॉमबर्ग पहिला डीएच म्हणून उभा राहिला आणि सगळे बेस (धावेच्या वाटेवरचे थांबे) भरलेले असताना त्याला वॉक मिळाला, म्हणजे चार चेंडू लक्ष्याबाहेर पडले म्हणून पहिला बेस फुकट. चेंडूला बॅट न लावता धाव. त्या बॅटीची रवानगी मात्र कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेममध्ये झाली.

पुढची गंमत वर्ल्ड सिरीजची, म्हणजे दोन लीगच्या विजेत्यांमधल्या अंतिम मालिकेची. १९७६ ते १९८५ या काळात सम वर्षी डीएच, विषम वर्षी पिचरची बॅटिंग. पुण्यातल्या सम-विषम पार्किंगच्या पाट्या आठवल्या तर माझा दोष नाही. १९८६ पासून यजमान मैदानाचा नियम लागू झाला. जगज्जेता ठरवणाऱ्या मालिकेत गाव बदललं की खेळ बदलायचा, आणि याला आम्ही 'वैविध्य' म्हणायचो.

"२०२२ मध्ये आयुक्तांनी लादला."

नाही. तो मालक आणि खेळाडूंच्या संघटनेतल्या करारातून आला, मालकांनी लावलेली ९९ दिवसांची टाळेबंदी संपल्यावर. संघटनेला तो कितीतरी आधीपासून हवाच होता, कारण गुडघे गेलेल्या पण मनगट शाबूत असलेल्या बॅटरला त्यातून आणखी पंधरा ठिकाणी नोकरीची शक्यता तयार होते. २०२० च्या ६० सामन्यांच्या हंगामात दोन्ही लीगनी तो वापरून पाहिलाही होता.

"डोकं संपलं."

हा मुद्दा मला जिव्हाळ्याचा आहे, म्हणून थोडं थांबतो. पिचर बॅटिंग करायचा तेव्हा व्यवस्थापकाला पेच पडायचा: आपला पिचर सुरेख टाकतोय, पण दोन जण बेसवर आहेत, बॅटिंगची पाळी त्याचीच, आणि आपण एका धावेने मागे. काढायचा का? शिवाय डबल स्विच होता. पिचर बदलताना एक फील्डरही बदलायचा आणि दोघांच्या बॅटिंगच्या जागांची अदलाबदल करायची, म्हणजे नव्या पिचरची पाळी लांबते. कागदावर ते करताना पाहणं हा आनंद होता. तो गेला, हे मान्य.

पण हिशेब पुरा करू. २०२१ मध्ये, पिचरांच्या शेवटच्या पूर्ण हंगामात, त्यांची सरासरी .११० होती. शंभर अधिकृत पाळ्यांत अकरा हिट, आणि दहातल्या चारांहून अधिक पाळ्या थेट स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद. समोरचा माणूस इतका निष्प्रभ असला की पेच पेच राहत नाही. बेसवर कुणी असेल तर बंट (बॅट आडवी धरून चेंडू हळूच पुढ्यात टाकणं), नसेल तर खांद्यावर बॅट ठेवून तीन चेंडू बघायचे आणि परत यायचं. आठव्या बॅटरला मुद्दाम वॉक देऊन पिचरला समोर आणायचं, ही 'चाल' तर शाळकरी पोरालाही सुचेल. वर दुखापती. यांकीजचा वांग चिएन-मिंग २००८ मध्ये ह्यूस्टनला बेसवर धावताना पायाला गंभीर दुखापत करून बसला, त्याची कारकीर्द पुन्हा तशी उभी राहिली नाही. २०१५ मध्ये सेंट लुईसच्या ॲडम वेनराइटची टाचेमागची शीर बॅटिंग करतानाच तुटली.

आणि पिचरला कधी काढावं हा वाद डीएचने संपतो म्हणता? २७ ऑक्टोबर २०२०, वर्ल्ड सिरीजचा सहावा सामना, डीएच दोन्ही बाजूंना. टॅम्पा बेचा ब्लेक स्नेल १-० च्या आघाडीवर, नऊ स्ट्राइकआउट, जेमतेम ७३ चेंडू टाकलेले. व्यवस्थापक केव्हिन कॅशने त्याला बाहेर काढलं. समोरच्या लॉस एंजेलिस डॉजर्सनी तिथेच दोन धावा काढल्या, सामना ३-१ ने जिंकला आणि मालिकाही. त्या निर्णयावर लोक अजून हमरीतुमरीवर येतात. पिचरच्या बॅटिंगचा त्यात काडीचा संबंध नव्हता.

राहता राहिला शोहेई ओतानी, पिचिंग आणि बॅटिंग दोन्ही करणारा. २०२२ मध्ये डीएचबरोबर आणखी एक कलम आलं: सुरुवातीचा पिचर स्वतःच स्वतःचा डीएच असू शकतो, आणि पिचिंग सोडल्यावरही बॅटिंगला राहू शकतो. १७ ऑक्टोबर २०२५ ला डॉजर्सकडून मिलवॉकीविरुद्ध त्याने दहा जणांना स्ट्राइकआउट केलं आणि तीन होम रन (आपले षटकारच) मारले. तिसरा होम रन सातव्या डावात, पिचिंग सोडल्यानंतरचा. नॅशनल लीगच्या जुन्या 'शुद्ध' नियमात त्याला मैदानात दुसरीकडे उभं केलं नसतं तर पिचिंगबरोबर सामनाही सुटला असता. रोहित शर्माने इम्पॅक्ट प्लेयरवर आक्षेप घेतला तो शिवम दुबेसारख्या अष्टपैलूंची वाढ खुंटते म्हणून. तो आक्षेप मला पटतो. पण बेसबॉलने निदान आपल्या एकुलत्या एक अष्टपैलूसाठी कलम लिहिलं.

एक गोष्ट मात्र कुठल्याच हिशेबात बसत नाही. ७ मे २०१६, सॅन डिएगो, न्यूयॉर्क मेट्सचा बेचाळीस वर्षांचा, गोलमटोल पिचर बार्टोलो कोलोन कारकिर्दीतला पहिला होम रन मारतो आणि सावकाश सगळे बेस फिरून येतो. त्याला माझ्याकडे उत्तर नाही, आणि मला ते द्यायचंही नाही.

"दोन लीग सव्वाशे वर्षं वेगळ्या होत्या."

१९०३ ते १९५२ या काळात १६ संघ आपापल्या गावी होते, हे खरं. ही खरोखरची स्थिर पन्नास वर्षं. त्यानंतर ब्रेव्ह्ज बॉस्टनहून मिलवॉकीला आणि तिथून अटलांटाला गेले, डॉजर्स आणि जायंट्स न्यूयॉर्क सोडून कॅलिफोर्नियात गेले. १९९७ मध्ये दोन लीगचे संघ हंगामातच एकमेकांशी खेळू लागले. तोवर दोघींचे अंपायर वेगळे, चेंडूंवर आपापल्या अध्यक्षांची सही. २००० च्या हंगामापासून अध्यक्षही नाहीत, अंपायरही एकत्र. २०२३ पासून प्रत्येक संघ उरलेल्या सगळ्या २९ संघांशी खेळतो. म्हणजे २०२२ मध्ये जे मेलं म्हणून रडारड चालू आहे, त्याचं तेरावं पंचवीस वर्षांपूर्वीच उरकलं होतं.

लीग बदलणंही नवं नाही. १९९८ मध्ये ३० संघ झाले. पंधरा-पंधरा केले तर दररोज एका संघाला दुसऱ्या लीगशी खेळावं लागणार, ते तेव्हा नको होतं, म्हणून १६-१४ ठरलं आणि एकाला अमेरिकन लीग सोडावी लागली. कॅन्सस सिटीने नकार दिला, मिलवॉकी ब्रूअर्स गेले. मिलवॉकीतल्या म्हाताऱ्यांना त्याचं दुःख कशाला? त्यांनी १९५७ मध्ये नॅशनल लीगच्या ब्रेव्ह्जना वर्ल्ड सिरीज जिंकताना पाहिलं होतं. २०१३ मध्ये उलट दिशेने ह्यूस्टन ॲस्ट्रोज गेले. नवे मालक जिम क्रेन यांना संघ विकताना ती अटच होती, आणि बदल्यात किमतीत सुमारे ७ कोटी डॉलरची सूट मिळाली. परंपरेचा बाजारभाव इतका स्पष्ट क्वचितच कळतो. ह्यूस्टनकर चिडले ते रास्तच होतं: कार्डिनल्स आणि कब्जशी असलेलं वैर सुटलं, आणि सिएटल-ओकलंडचे सामने त्यांच्या घड्याळात रात्री नऊला सुरू होऊ लागले. पण त्याआधी नॅशनल लीगच्या मध्य विभागात सहा संघ आणि अमेरिकन लीगच्या पश्चिम विभागात चारच, ही विषमता पंधरा वर्षं चालली होती, तिच्याबद्दल या संदेशात अवाक्षर नाही. आज दोन्ही लीगचं विजेतेपद मिळवलेला एकमेव संघ तोच आहे.

"भूगोलाने मांडणी केली की वाट लागेल."

भूगोल न पाहता काय होतं ते आधी बघू. १९६९ मध्ये विभाग पाडले तेव्हा नॅशनल लीगने शिकागो आणि सेंट लुईसला पूर्व विभागात टाकलं, आणि त्यांच्याही पूर्वेला असलेल्या अटलांटा आणि सिनसिनाटीला पश्चिमेत. रणजीत विदर्भ मध्य विभागात खेळायचा, त्याला निदान नकाशाचा आधार होता. ही कसरत १९९३ पर्यंत चालली, आणि त्याच शेवटच्या वर्षी सॅन फ्रान्सिस्को जायंट्स १०३ सामने जिंकूनही घरी बसले, कारण 'पश्चिमेतल्या' अटलांटाने १०४ जिंकले होते.

मला नव्या मांडणीची काळजी वाटते ती वेगळ्याच कारणाने. ३२ संघांचे चार-चारचे आठ विभाग होणार असतील तर विभाग जिंकणं फार स्वस्त होईल. २००५ मध्ये सॅन डिएगो ८२ जिंकून ८० हरले आणि पाच संघांच्या विभागात पहिले आले. चारांच्या विभागात असं वरचेवर घडेल. त्यावर कुणी संदेश लिहिला तर मी पुढे पाठवेन.

ज्यांना पिचरची बॅटिंग अजून प्रत्यक्ष पाहायची आहे त्यांनी जपान गाठावं. तिथल्या पॅसिफिक लीगने १९७५ मध्येच डीएच घेतला, सेंट्रल लीग तेवढी अडून राहिली. घाई मात्र करा. सेंट्रल लीगनेही २०२७ पासून डीएच घ्यायचं ठरवलं आहे.