‘२० मिनिटांत बाहेर काढलं’ या रिव्ह्यूला फिजिओथेरपी क्लिनिकचं उत्तर

नमस्कार दादा. वहिनींना त्रास झाला, तुम्हाला मनस्ताप झाला, त्याबद्दल मनापासून दिलगीर आहे. तुम्ही लिहिलंय, ‘२० मिनिटांत बाहेर काढलं, शेकसुद्धा दिला नाही, पैसे पूर्ण घेतले, आणि बायकोचे पाय आले होते त्याहून वाईट झाले.’ आजार एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार) आहे आणि मानेच्या मज्जारज्जूत डाग आहेत, हेही तुम्हीच जाहीर लिहिलंय, म्हणून तेवढ्यापुरतंच बोलते.

२० मिनिटं हा फक्त व्यायाम होता. त्याआधी पाऊण तास मी स्वतः वहिनींना तपासत होते, तेव्हा तुम्ही खाली गाडीपाशी फोनवर होता. ताकद, तोल, पायांचा ताठरपणा, सगळं बघितलं. पाऊल झटकन वर दाबलं की ते थडथड उडत होतं. गरम आणि गार पाण्याच्या नळ्या पोटरीला लावल्या, तर गरम कुठली ते त्यांना ओळखता येईना. अशा पायावर शेक ठेवला तर कातडी भाजली तरी कळत नाही. शेक नाकारला तो एवढ्यासाठी. पैसे तपासणी आणि व्यायाम दोन्हींचे आहेत, पावतीवर तसं लिहिलंय.

आता वेळेचं. आम्ही सकाळी ८ ची वेळ दिली होती आणि कारणही फोनवर सांगितलं होतं. तुम्हाला कामावरून सुट्टी मिळाली नाही, तुम्ही दुपारी ३ ला आलात. एप्रिलमधली सांगलीची दुपार, त्यात लाइट गेलेली, इन्व्हर्टरवर नुसते पंखे. तरीही परत पाठवलं नाही. एमएसमध्ये मज्जातंतूवरचं मायलिनचं आवरण डागाच्या जागी झिजलेलं असतं. अंगातली उष्णता जराशी वाढली तरी तिथून संदेश नीट जात नाहीत आणि पाय लटपटतात. व्यायामानंतर एमएसच्या रुग्णांची नजर तात्पुरती धूसर होते, हे उथॉफ नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १८९० मध्येच नोंदवलंय; त्यामागे उष्णता असते हे नंतर कळलं. वहिनींचा डावा पाय फरशीवर घासायला लागला तसा मी व्यायाम थांबवला. आणखी रेटलं असतं तर त्या पडल्या असत्या.

अंग गार झालं की हा त्रास ओसरतो, त्याने नवा डाग पडत नाही. नवा अटॅक २४ तासांपेक्षा जास्त टिकतो, आणि तोही ताप किंवा इन्फेक्शन नसताना. ‘मिरजेला सलाइनमधून स्टेरॉइड दिलं, त्यानं आलेला फरक इथे घालवला’ हे तुमचं वाक्य म्हणूनच फार लागलं. ती ३ ते ५ दिवसांची मिथाइलप्रेडनिसोलोनची इंजेक्शनं अटॅकमधून लवकर बाहेर काढतात, जुना डाग पुसत नाहीत. नवे डाग पडू नयेत म्हणून वेगळी औषधं असतात, ती न्यूरोलॉजिस्टच ठरवतात. आमचं काम आहे त्या ताकदीवर चालणं सुधारायचं, ताठरपणा कमी ठेवायचा. ते हळूहळूच होतं, आणि मध्ये मध्ये विश्रांती देऊनच.

काउंटरवरच्या मुलीला तुम्ही सगळ्यांसमोर ‘लुटारू’ म्हणालात. ती पोर संध्याकाळपर्यंत रडत होती. क्लिनिकसाठी बँकेचं कर्ज डोक्यावर आहे, आणि नवीन माणूस आधी स्टार बघूनच फोन करतो. तुमचा राग मला समजतो, घरातलं तरणं माणूस असं अडखळताना बघणं सोपं नाही. पण हा शब्द आमच्या वाट्याला यायला नको होता.

वेळांचा बोर्ड लावतोय, एसी चालेल अशा बॅटरीचंही बघतोय.

वहिनींसाठी सकाळची वेळ राखून ठेवली आहे. येताना एमआरआयची फाइल आणा. त्या दिवशी ताप असेल किंवा लघवीला जळजळ होत असेल, तर इकडे न येता आधी डॉक्टरांना दाखवा, त्यानेही पाय असेच जड होतात.