निम्म्या गेल्या, तरी तेवढ्याच कशा?

अनंतावरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. सूर तिखट आहे, पण आक्षेप फुकाचे नाहीत. पहिला असा: १, २, ३… मधून विषम संख्या काढल्या की निम्म्याच उरतात, मग 'सम संख्या तेवढ्याच' हा नुसता शब्दांचा खेळ. दुसरा, गणितज्ञ कॅन्टरच्या कर्णयुक्तीवर. ० ते १ मधल्या दशांश संख्यांची १, २, ३… अशी यादी करा; पहिलीचा पहिला अंक, दुसरीचा दुसरा, असे तिरक्या रेषेवरचे, म्हणजे कर्णावरचे, अंक बदलले की यादीत नसलेली संख्या मिळते, म्हणून या संख्या १, २, ३… पेक्षा जास्त. तुम्ही म्हणता, जी संख्या यादीतून सुटते, ती यादीत घालून मोकळं व्हावं.

'निम्म्या' हे खोटं नाही. पहिल्या १०० संख्यांत ५० सम, पहिल्या लाखात ५० हजार. पण हे घनतेचं, म्हणजे संख्या किती दाट पसरल्या आहेत याचं, माप, आणि ते संख्या कोणत्या क्रमाने मांडल्या यावर ठरतं. मी क्रम बाजूला ठेवून विचारत होतो. पंगतीत एकही पान रिकामं नाही आणि कुणी ताटकळत उभं नाही, म्हणजे पानं आणि माणसं सारखी. मोजायला कशाला हवं? १ ला २, २ ला ४, ३ ला ६ असं बसवलं की कुणीच उरत नाही. तुम्ही २ ला २, ४ ला ४ बसवलंत, म्हणून विषम उभ्या राहिल्या. गॅलिलिओला १६३८ मध्ये वर्गसंख्यांबाबत हाच पेच दिसला आणि अनंताला लहान-मोठं म्हणताच येत नाही, असं सांगून तो थांबला. (म्हणजे संगत चांगली आहे तुमची!)

तर, एक मांडणी फसली याने काहीच सिद्ध होत नाही. सारखेपणाला एक जमली की पुरे. वेगळेपणासाठी मात्र सगळ्याच फसतात हे दाखवावं लागतं. तुमचा दुसरा आक्षेप इथेच अडतो. सुटलेली संख्या तुम्ही पहिल्या ओळीत घातलीत, बाकीच्या एकेक ओळ खाली सरकल्या. झाली नवी यादी! तिचा कर्ण वेगळा, आणि पुन्हा एक संख्या बाहेर. कॅन्टरचं भांडण तुमच्या एका यादीशी नव्हतंच. तो म्हणतो, कुठलीही आणा.

एक चूक मात्र माझी, आणि ती तुम्ही पकडली नाहीत. 'कर्णावरचा अंक कसाही बदला' असं मी लिहिलं होतं. पण ०.४९९९… आणि ०.५ ही एकच संख्या. त्यामुळे 'नवी' संख्या यादीतलीच, कपडे बदलून आलेली निघू शकते. अंक ५ असेल तर ४ लिहा, नसेल तर ५, एवढ्याने ही पळवाट बुजते. कॅन्टरने १८९१ मध्ये दशांश घेतलेच नव्हते, दोन चिन्हांच्या अनंत माळा घेतल्या होत्या. त्याला ही अडचण आलीच नाही. मूळ लेखातलं ते वाक्य बदललं आहे.